विटाळ, स्वच्छता आणि वेदना
वऱ्हाडातील एका मौनाचा इतिहास

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या गावाचे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. महानुभाव पंथाची ही काशी. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी येथेच एकत्र करून लीळाचरित्र सिद्ध केले. अलीकडे शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले तेही याच गावी. रिद्धपूरचा हा वाङ्मयीन मान सर्वांस मान्य आहे. परंतु त्या पंथाच्या पोथ्यांत आणखी एक विचार सातशे वर्षांहून अधिक काळ नमूद आहे, आणि आमच्या वाङ्मयाच्या वर्गांत त्याचा उच्चार क्वचितच होतो. तो विचार स्त्रियांच्या मासिक धर्माविषयीचा होय.

हा विषय वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाच्या पानांस शोभत नाही, असे काही वाचकांस वाटेल. त्यांस आमची विनंती एवढीच, की त्यांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग निर्णय द्यावा. अर्ध्या समाजाच्या आयुष्यातील तीस-पस्तीस वर्षे दरमहा जी गोष्ट घडते, तिला इतिहास नसणे शक्य नाही. तो इतिहास वऱ्हाडच्या मर्यादेत पाहू लागलो म्हणजे त्यात तीन प्रश्न एकामागून एक उभे राहिलेले दिसतात. पहिला विटाळाचा, दुसरा स्वच्छतेचा आणि तिसरा वेदनेचा. पहिल्या प्रश्नाला या भूमीत तेराव्या शतकातच हात घातला गेला. दुसरा आमच्या डोळ्यांदेखत सुटू लागला आहे. तिसरा मात्र अद्याप कोणी धडपणे विचारलेलाही नाही. आज एंडोमेट्रिओसिस या नावाने ओळखला जाणारा रोग वर्षानुवर्षे अंधारात राहतो, याचे एक मोठे कारण त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम विटाळाचा विचार करू. चक्रधरांच्या परिवारात महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा अशा कितीतरी स्त्रिया होत्या. ऋतुमती स्त्रीने दूर बसावे, देवाधर्मास शिवू नये, ही त्या काळची सर्वमान्य समजूत. चक्रधरांनी ती मानली नाही. देहाला नऊ द्वारे आहेत. नाकातून, डोळ्यांतून मळ येतो, तसाच हाही देहातील एका धातूचा स्राव, तो येतो आणि थांबतो. त्याचा विटाळ धरू नये, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. शरीराच्या व्यापाराकडे केवळ शरीराचा व्यापार म्हणून पाहणारी ही दृष्टी तेराव्या शतकातली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. पुढे सोयराबाईने याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने स्पर्श केला. तिचा पती चोखामेळा हा बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाजवळच्या मेहुणाराजा गावचा, असे परंपरा मानते. म्हणजे हाही धागा वऱ्हाडापर्यंत येतो. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्याच्यावाचून एकही देह जन्मास आलेला नाही, मग सोवळा कोण, असे तिने अभंगात विचारले.

एवढे निःसंदिग्ध बोलणे झाल्यावरही वऱ्हाडातील घरांत बाहेर बसण्याची चाल चालूच राहिली, याचे कारण काय? एक कारण ग्रंथांच्या इतिहासात सापडते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचे कुलूप उघडले, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी ते वाङ्मय प्रकाशात आणले; आणि बुलढाणा जिल्ह्यातच जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. म्हणजे जो विचार रिद्धपूरच्या पोथीत होता तो रिद्धपूरच्या शेजारच्या गावालाही सहाशे वर्षे वाचावयास मिळाला नाही. याच्या उलट ऋषिपंचमीची कथा दर भाद्रपदात घरोघर सांगितली जात होती. मासिक धर्माच्या दिवसांत नकळत घडलेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून ते व्रत. आणि त्या दोषाच्या मुळाशी इंद्राच्या ब्रह्महत्येचा एक वाटा स्त्रियांनी घेतला ही तैत्तिरीय संहितेतील कथा. कुलपातला विचार आणि ओठांवरची कथा यांच्या झुंजीत कथा जिंकली, यात नवल नाही.

दुसरे कारण भाषेत दडलेले आहे. या अवस्थेला मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. न्हाण येणे, ऋतू प्राप्त होणे, विटाळशी होणे, बाहेर बसणे, दूर होणे, कावळा शिवणे. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तेथे तो ‘कावया’ शिवतो. अलीकडच्या मुली ‘अडचण’ म्हणतात, ‘पाळी’ म्हणतात, ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. हे सर्व शब्द एकत्र मांडून पाहावे. बाई कोठे बसली आहे हे त्यांतून कळते. तिला कोणी शिवले, तिने कोणास शिवू नये हे कळते. तिची पाळी केव्हा आली हे कळते. तिला काय होत आहे, हे मात्र त्यांतल्या एकाही शब्दातून कळत नाही. वैद्यांच्या ग्रंथांत कष्टार्तव असा शब्द आहे, पण तो घरात कधी आला नाही. घरात ‘पोट दुखते’ एवढेच. आणि पोट तर हरभरे खाऊनही दुखते.

येथे कोणी म्हणेल की, लाजेचा विषय असल्यामुळे हे सारे झाकून राहिले. इतिहास याला दुजोरा देत नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. वैवाहिक संबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय त्याने दहावरून बारावर नेले. त्या एका प्रश्नावर सारा महाराष्ट्र दुभंगला होता. मुलीस ऋतू केव्हा प्राप्त होतो, ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान किती दिवसांत व्हावयास पाहिजे, ते लांबले तर धर्म बुडतो की नाही, याची चर्चा वर्तमानपत्रांत, सभांत आणि शास्त्र्यांच्या व्यवस्थापत्रांत उघडपणे झाली. बोलणारे बहुतेक सर्व पुरुष होते आणि त्यांपैकी कोणासही हा शब्द उच्चारताना लाज वाटली नाही. सुधारकांनी बालिकेच्या देहाला होणाऱ्या इजेचा मुद्दा मांडला हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु रजोदर्शन हा वादाचा मुख्य विषय झाला तो गर्भाधानाचा मुहूर्त म्हणून. त्या दिवशी त्या मुलीस काय होते, हा प्रश्न उपस्थित झाला नाही. तात्पर्य, मौन रजाविषयी नव्हते, ते वेदनेविषयी होते.

पुढे डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले आणि त्याबरोबर सामाजिक परिषदही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुनरुज्जीवन की सुधारणा या विषयावरचे आपले प्रसिद्ध भाषण या परिषदेत केले. जुने काय काय पुनरुज्जीवित करावयाचे, असा त्यांचा पुनरुज्जीवनवाद्यांस सवाल होता. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण हे त्या काळच्या सामाजिक चळवळीचे मुख्य विषय. आणि त्या विषयांनी स्त्रियांच्या आयुष्यात खरोखरच पालट घडवला. पत्नी, विधवा, विद्यार्थिनी या नात्यांनी स्त्री सुधारकांपुढे आली. रुग्ण म्हणून ती येण्यास वेळ लागला.

तो आरंभ वैद्यकाच्या बाजूने झाला. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे सांगत नाहीत, म्हणून स्त्री वैद्य हवी, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. दुर्दैवाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. १८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधी स्थापन झाला आणि देशभर स्त्रियांची इस्पितळे निघाली. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’ आहे आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’. वऱ्हाडातील किती पिढ्या या दोन वास्तूंत जन्मल्या याची गणती नाही.

या इस्पितळांचे ऋण मोठे आहे. बाळंतपणात दगावणाऱ्या बाया वाचवणे ही त्या काळची पहिली निकड होती आणि ती त्यांनी भागवली. तथापि या निकडीमुळे एक दृष्टी रूढ झाली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. स्त्रीच्या गर्भाशयाची विचारपूस ती गरोदर राहिल्यापासून सुरू होते आणि तिचे मूल हाती आले म्हणजे संपते. आजही खेड्यातील एखादी माउली ‘डफरीनला गेली होती’ असे म्हणाली तर ऐकणारा पहिला प्रश्न करतो, मुलगा की मुलगी? पंधरा वर्षांची मुलगी नुसत्या पोटदुखीसाठी तेथे गेली, असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि अविवाहित मुलगी तेथे दिसली तर लोक भलतेच काही मनात आणतात. इस्पितळ जवळ असूनही दार लांब राहते ते असे.

आता ज्या रोगाचा आम्ही उल्लेख केला तो काय आहे हे पाहू. गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दर महिन्यास ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर रक्ताबरोबर गळून जाते, तीच पाळी. काही स्त्रियांत या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाच्या बाहेर वाढतो: बीजकोशावर, बीजनलिकांवर, ओटीपोटाच्या आतील पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. शरीरातील संप्रेरकांचा इशारा त्यालाही पोहोचतो. परंतु त्यातून सुटणाऱ्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसते. मग तेथे दाह होतो, वण धरतात, शेजारचे अवयव एकमेकांस चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ झाली तर तिचा रंग काळसर तपकिरी दिसतो, म्हणून तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. पुष्कळ मुलींना आपल्या रोगाची पहिली ओळख सोनोग्राफीच्या कागदावरील या विचित्र गोड नावानेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया व मुली या रोगाने ग्रस्त आहेत.

युरोपात १८६० साली व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने अशा अस्थानी वाढलेल्या पेशींचे वर्णन केले होते. परंतु रोगाची सुसंगत मांडणी अमेरिकेतील आल्बनी येथील जॉन सॅम्पसन या शल्यवैद्याने केली. पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात शिरते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात, ही त्याची उपपत्ती १९२७ साली विस्ताराने प्रसिद्ध झाली. ती आजही महत्त्वाची मानली जाते, पण अपुरी. कारण असा उलटा प्रवाह बहुसंख्य स्त्रियांत असतो आणि रोग थोड्यांनाच होतो.

येथे चरकसंहितेची आठवण होणे साहजिक आहे. चरकाने वीस योनिव्यापदे सांगितली आहेत. त्यांपैकी उदावर्ता या व्यापदात वायूमुळे रज वरच्या दिशेने ढकलले जाते, स्त्रीस तीव्र वेदना होतात आणि स्राव मोकळा झाला की आराम पडतो, असे वर्णन आहे. यावरून आमच्या पूर्वजांस सॅम्पसनचा सिद्धान्त आधीच ठाऊक होता असे म्हणण्याचा मोह टाळावा. दोहोंची शरीरकल्पना वेगळी आहे आणि प्रमाणेही वेगळी. चरकाचे खरे श्रेय निराळे आहे. पाळीच्या वेदनेस त्याने रोग म्हटले आणि तिला चिकित्सा सांगितली. तिला स्त्रीचे प्राक्तन म्हणून सोडून दिले नाही. हा विवेक आमच्या घरांनी ग्रंथाबरोबरच कपाटात ठेवला.

योगायोग असा की, सॅम्पसनचा निबंध आला त्याच १९२७ साली, जुलै महिन्यात, मुंबईत र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. १९५३ पर्यंत ते त्यांनी एकहाती चालवले. संततिनियमन आणि कामजीवन यांविषयी मराठीत शास्त्रीय भाषेत बोलता येते, हे त्या मासिकाने सिद्ध केले. त्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. शरीराविषयी उघड बोलण्याची किंमत किती होती हे त्या खटल्यांवरून दिसते.

पाश्चात्त्य वैद्यक मात्र या रोगाच्या बाबतीत सर्वत्र शहाणपणानेच वागले असे नाही. बोस्टनचे प्रसिद्ध शल्यवैद्य जो मिग्ज यांनी १९४० च्या सुमारास असे मत मांडले की, सुस्थितीतील स्त्रिया लग्न आणि मुले लांबणीवर टाकतात म्हणून हा रोग वाढतो. तेव्हा लवकर लग्न आणि लवकर अपत्ये हा त्यावर उपाय. वऱ्हाडातील कोणतीही आजी हेच सांगते, ‘लग्न झालं की समदं बरं होते.’ हार्वर्डचा अध्यापक आणि दर्यापूरची आजी यांचे एकमत व्हावे यात विनोद आहे, पण त्याचे परिणाम विनोदी नाहीत. गर्भारपणात पाळी थांबते म्हणून काही काळ बरे वाटते. रोग जात नाही. उलट या रोगाने ग्रस्त स्त्रीस गर्भ राहण्यासच पुष्कळदा अडचण येते. मग मुलीच्या दुखण्याची चौकशी जेथे दहा वर्षे कोणी केली नाही, तेथे मूल का होत नाही याची चौकशी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सारा गाव करतो. आणि दोषाचा शब्द तिच्याच पदरात पडतो.

या मताची दुसरी बाजूही तितकीच घातक ठरली. रोग सुखवस्तू स्त्रियांचा ठरला म्हणजे गरीब स्त्रीत तो शोधण्याचे कारणच उरत नाही. अमेरिकेतील काळ्या स्त्रियांस हा रोग होत नाही अशी समजूत वैद्यकात दृढ होती. त्यांच्या ओटीपोटातील दुखण्यास जंतुसंसर्ग हे ठरलेले निदान मिळे. शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ साली दाखवून दिले की, असे निदान झालेल्या काळ्या स्त्रियांपैकी वीस टक्क्यांहून अधिक जणींस प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. रोग तेथे होताच. पाहणारा डोळा नव्हता. अकोल्याच्या कापसाच्या रानात वेचणी करणाऱ्या बाईविषयी आम्ही हाच तर्क करीत नाही काय? हे दुखणे शहरातल्या शिकलेल्या मुलींचे, असे आम्ही म्हणतो. कारण सोनोग्राफीचा कागद त्यांच्याच हाती असतो.

विदर्भाला तरी असे म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग किंवा जननेंद्रियांचा रोग आढळला. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग, आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. त्या अभ्यासाचा विषय एंडोमेट्रिओसिस नव्हता; पण त्याने जगास जे दाखवले ते आमच्या विवेचनास पुरेसे आहे. खेड्यातील स्त्री न बोलता जगते, याचा अर्थ ती निरोगी आहे असा होत नाही.

आणि न बोललेल्या दुखण्याचा शेवट कसा होतो हे शेजारच्या मराठवाड्याने दाखवले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एकीचे. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर मजुरी जाते, वर ‘खाडा’ म्हणून कापून घेतले जाते. अशा स्थितीत दरमहा येणारे दुखणे परवडत नाही, मग ते मुळासकट उपटून टाकण्याचा सल्ला पटतो. वेदनेला नाव, कारण आणि इलाज न देता तिच्यावर थेट सुरी चालवली जाते. एंडोमेट्रिओसिसच्या बाबतीत तर गर्भाशय काढल्यानेही दुखणे संपेलच अशी खात्री नसते. कारण रोग गर्भाशयाच्या बाहेर असतो.

आता दुसऱ्या, म्हणजे स्वच्छतेच्या प्रश्नाकडे वळू. येथे प्रगती झाली आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. वऱ्हाड ही कापसाची भूमी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ नंतर, या मातीतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस गेला आणि त्या पैशावर येथील पेठा उभ्या राहिल्या. तोच कापूस वेचणारी बाई मात्र महिन्याच्या त्या दिवसांत जुन्या लुगड्याची चिंधी वापरी आणि ती उन्हात वाळत घालण्याचीही तिला चोरी होती. हे चित्र पालटत आहे. सॅनिटरी नॅपकिनवर जुलै २०१७ मध्ये लागलेला १२ टक्के कर वर्षभरात उठला. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने अस्मिता योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींस आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांस देऊ केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते २४ वयाच्या मुलींत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये देशात सुमारे ५८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७८ टक्क्यांवर गेले.

परंतु या यशानेच तिसरा प्रश्न झाकला जाण्याचा धोका आहे. मुलीच्या हाती पॅड दिले म्हणजे मासिक पाळीचा विषय संपला, असे शाळेस, शासनास आणि आईबापांस वाटू लागले आहे. कॉलेजात शिकवताना तीस वर्षांत मुलींचे रजेचे असंख्य अर्ज आमच्या हातांखालून गेले. त्यांत ताप असतो, पाहुणे असतात, गावी देवीचा कार्यक्रम असतो. दरमहा ठराविक दिवसांनी तोच अर्ज येतो आणि कारण दरमहा वेगळे असते. खरे कारण अर्जात लिहिता येते असे त्यांना आम्हीच कधी सांगितलेले नसते.

वेदनेचा प्रश्न विटाळ आणि स्वच्छता यांपेक्षा अवघड आहे, याचे कारण उघड आहे. विटाळ हा इतरांच्या वागण्यात दिसतो, अस्वच्छता डोळ्यांस दिसते. वेदना ही सांगितल्यावाचून कोणासही दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस हा तर सांगण्यावरच ओळखला जाणारा रोग. साधी सोनोग्राफी निर्दोष आली तरी तो असू शकतो. पूर्वी दुर्बिणीने पोटात पाहिल्याखेरीज निदान पक्के मानीत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तो आग्रह सोडला आहे आणि लक्षणांवरून उपचार सुरू करण्यास मोकळीक दिली आहे. म्हणजे रुग्णेचे म्हणणे आता वैद्यकाच्या दृष्टीनेही अधिक वजनदार झाले आहे. ते ऐकून घेणारा मात्र पाहिजे.

काही सुज्ञ लोक जुन्या चालीची बाजू घेऊन म्हणतात की, बाहेर बसण्याने बाईला तीन दिवस विश्रांती तरी मिळत होती. यात काही तथ्य आहे, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आलेल्या कितीतरी आज्या ते हसून कबूल करतील. परंतु ही विश्रांती कोणाची होती? ज्या घरात पाणी भरणारी दुसरी सून होती त्या घरची. निंदणास आणि वेचणीस जाणाऱ्या मजूर बाईस ती कधीच नव्हती. शिवाय अपवित्र ठरून मिळालेल्या विश्रांतीत एक अट असे: काय होते आहे ते विचारावयाचे नाही आणि सांगावयाचे नाही. जिला थोडे दुखते आणि जी गडाबडा लोळते, त्या दोघी त्याच कोपऱ्यात, त्याच कांबळ्यावर, सारख्याच गप्प. विटाळाने रोगी आणि निरोगी यांतला भेदच पुसून टाकला. बिहार सरकारने १९९२ साली आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांस महिन्यास दोन दिवसांची विशेष रजा दिली, ती गरज म्हणून दिली. विश्रांती मिळण्यासाठी विटाळ लागत नाही, हे त्यावरून स्पष्ट आहे.

तेव्हा करावयाचे काय? थोडे दुखणे पुष्कळ मुलींस होते आणि साध्या औषधाने, शेकाने ते निभावते. त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु ज्या दुखण्याने शाळा, कॉलेज किंवा मजुरी दरमहा बुडते; जे वर्षागणिक वाढते; जे पाळी संपल्यावरही ओटीपोटात, कमरेत रेंगाळते; शौचाच्या, लघवीच्या किंवा संबंधाच्या वेळी ज्याची तिडीक उठते; ज्याच्याबरोबर अतिस्राव असतो किंवा मूल राहत नाही, ते दुखणे ‘बाईच्या जातीला असायचेच’ या सदरात ढकलू नये. त्यासाठी डॉक्टरांस भेटावे. आणि एकाने उडवून लावले तर दुसऱ्यास भेटावे. रोग कायमचा नाहीसा करणारे औषध आज नाही. परंतु वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी त्याला पुष्कळ आवर घालता येतो. लवकर ओळखला तर अधिक. संप्रेरकांच्या गोळ्यांस घाबरून ‘लग्नाआधी नको’ म्हणणाऱ्या आईने ती भीती डॉक्टरांपुढे बोलून दाखवावी. मुलीच्या उपचारास तिच्या लग्नाच्या मुहूर्ताशी बांधू नये.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत आज वैद्यकीय महाविद्यालये आहेत, स्त्री रुग्णालये शतकाच्या अनुभवाची आहेत, गावोगाव आशा सेविका आहेत. गर्भवतीची नोंद ठेवण्यास ही यंत्रणा शिकली तशी मुलीच्या वेदनेची नोंद ठेवण्यासही शिकू शकेल. आशा सेविकेने पॅडचे पाकीट देताना ‘किती दुखते, काम बुडते का’ एवढे दोन प्रश्न विचारावे आणि उत्तर वहीत लिहावे. शाळेने आरोग्याच्या धड्यात पाळीचे चित्र काढताना तिच्या वेदनेवर दोन वाक्ये बोलावी, आणि ती मुलांसमोरही बोलावी. उद्याचे नवरे, भाऊ आणि डॉक्टर त्यांच्यातूनच व्हावयाचे आहेत.

इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास कागद लागतो. वऱ्हाडातील जमाबंदीचे कागद आहेत, कापसाच्या भावाचे कागद आहेत, दुष्काळाचे आणि पटकीचेही आहेत. येथील स्त्रियांनी सातशे वर्षे महिन्याच्या महिन्यास काय सोसले, याचा कागद नाही. चक्रधरांनी त्यांच्या माथ्यावरचा कलंक पुसला तो पोथीत तरी राहिला. त्यांच्या पोटातली कळ कोणी लिहून ठेवली नाही. पुढच्या काळात हा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आमच्या पिढीने निदान एवढे साधन द्यावे, की आशा सेविकेच्या वहीत, इस्पितळाच्या केसपेपरवर आणि मुलीच्या रजेच्या अर्जावर खरे कारण लिहिलेले असावे.